काहील कुणी हाकली?

संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, लायब्ररीतल्या गमतीजमती लिहा. दिवाळीला लोकांना हलकंफुलकं आवडतं." गमती आहेत. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात जन्मभर ग्रंथपाल होते म्हटल्यावर त्या असणारच. पण एक गोष्ट घशात अडकून बसली आहे, आणि ती बाहेर काढल्याशिवाय बाकीच्या सांगता येत नाहीत. ती आधी लिहिते. गमतींना जागा उरली तर बघू.

आमचा धंदा काय, ते आधी सांगते. लोकांना वाटतं ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांच्या कपाटावर बसलेली नागीण. मागितलं ते द्यायचं आणि "गप्प बसा रे" म्हणून ओरडायचं. अहो, ते काम तर शिपाईसुद्धा करतो, आणि माझ्यापेक्षा बरं करतो. ग्रंथपालाचं खरं काम म्हणजे एखाद्याला काही जाणून घ्यायचं असेल तर ते कुठं खरं मिळेल हे सांगणं, आणि कुठं खोटं आहे ते त्याचं त्याला ओळखता यावं म्हणून शिकवणं. नव्वदच्या दशकात हे सोपं होतं. चांगलं-वाईट मी पुस्तक घेतानाच निवडायची. फालतू पुस्तक कपाटात आलंच नाही तर पोरं ते वाचणार कुठून? लाकडी खणांतली कार्डं चाळायची, पुस्तक शोधायचं, टिपण काढायचं. मी निवडलंय म्हणजे ते चांगलंच, असं पोरांना वाटायचं आणि मलाही वाटायचं.

मग कॉम्प्युटर आला. प्राचार्यांनी नारळ फोडला, यंत्राला हळदकुंकू लावलं. त्याला धूळ चालत नाही म्हणून खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. मला ते तेव्हाच खटकलं होतं. जिथं चपला काढून जायचं तिथं समोर दिसणाऱ्या गोष्टीवर शंका कोण घेणार? एका मुलानं पंचगंगेच्या प्रदूषणावर प्रकल्प लिहून आणला. हस्ताक्षर मोत्यासारखं. सहाव्या पानावर मध्येच निळ्या शाईत लिहून, पट्टीनं अधोरेखित केलेलं: 'क्लिक हिअर'.

"हे काय रे?"

"मॅडम, तिथं होतं की."

"निळ्यात का लिहिलंस?"

"तिथं निळंच होतं."

हसा. मीही हसले होते. पण एका प्राध्यापकांनी मलाच सुनावलं, "बाई, तुम्ही उगीच संशय घेता, अमेरिकेतनं आलंय ते." ते पान इथल्याच, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका पोरानं सायबर कॅफेत बसून केलेलं होतं. तेव्हा माझं हसू आटलं.

मी शनिवारचा तास सुरू केला. फळ्यावर पाच प्रश्न कायमचे लिहून ठेवले. कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? कधी सांगितलं? सांगण्यात त्याचा काय फायदा? आणखी कोण तेच सांगतंय? पोरं त्याला 'मॅडमची पंचारती' म्हणायची. नुसतं सांगून पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी एक युक्ती काढली. त्या युक्तीचा मला भारी गर्व होता. इतर कॉलेजांच्या ग्रंथपालांपुढं ती सांगून मी टाळ्यासुद्धा घेतल्यात.

युक्ती अशी. प्रत्येकानं आपल्या गावाबद्दल इंटरनेटवर एक पान तयार करायचं. तेव्हा फुकटात पान टाकता येईल अशा जागा होत्या. पानात सगळं खरं लिहायचं, फक्त एक गोष्ट मुद्दाम खोटी घालायची. ती खोटी कुठली आणि खरी काय, ते एका चिठ्ठीवर लिहून माझ्याकडं द्यायचं. बाकीच्यांनी पाच प्रश्न लावून ते खोटं शोधून काढायचं. पोरांना मजा यायची. कुणी गावाला किल्ला बहाल केला, कुणी आपल्या म्हशीला राज्यस्तरीय बक्षीस दिलं. वर्ष संपलं की पानं काढून टाका, असं मी बजावलं होतं. काढली का, ते मी एकदाही उघडून बघितलं नाही. चिठ्ठ्यांची पाकिटं तेवढी टेबलाच्या खालच्या खणात पडत गेली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी वैशाली कांबळे आमच्याकडं एम.फिल. करायला आली. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव; त्याचं नाव लिहीत नाही. घर बौद्ध, वडील ऊसतोडीला जायचे, आणि एवढं शिकलेली त्या घरातली ती पहिली. आमच्या भागात मुलीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात; कॉलेजात आल्यावर बऱ्याचजणी ते लपवतात. वैशालीनं लपवलं नाही. "मॅडम, मी बसतो इथं," म्हणायची आणि खिडकीजवळ सहा-सहा तास बसायची. माझी लाडकी होती ती. हे लिहिताना लाज वाटते, पण होती.

तिचा विषय होता आपल्या भागातल्या जुन्या पुरांच्या आठवणी. त्यातलं एक प्रकरण तिच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या सांगण्यावर उभं होतं. काहील म्हणजे गुळाचा रस आटवायची लोखंडी कढई, चार-पाच माणसं आत बसतील एवढी रुंद. कृष्णेला पूर आला की आमच्याकडं लोक गुऱ्हाळावरची काहील ओढून पाण्यात घालतात आणि तिचीच नाव करतात. ती पाण्यात गरगर फिरते, तिला सरळ नेणं येरागबाळ्याचं काम नाही. धर्मांतराच्या आधी कधीतरी गावात मोठं पाणी शिरलं. आबांचा थोरला भाऊ भिवा गुऱ्हाळावर जाळ घालायला असायचा. त्यानं काहील पाण्यात लोटली आणि बांबूनं हाकत पाटलांच्या गल्लीतली माणसं छपरावरून उतरवून माळावर नेली. सात फेरे केले. आठव्या फेऱ्याला गेला तो परत आला नाही.

आमच्या कॉलेजात एक पद्धत होती. प्रबंध विद्यापीठाकडं जाण्याआधी त्यातले संदर्भ मी तपासायची आणि शेवटच्या पानावर शिक्का मारायची: 'संदर्भ तपासले'. माझ्या शिक्क्याशिवाय प्राचार्य सही करत नसत. म्हणून मी वैशालीबरोबर तिच्या गावी गेले. आबा दारात खाटेवर बसले होते. एका डोळ्यात फूल पडलेलं, आवाज मात्र खणखणीत. "या की पावणं," म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी वही उघडली. "आबा, काहील भिवानंच हाकली हे तुम्हाला कसं माहीत?"

"म्या काहिलीत हुतो की. सात फेरं त्याच्या संगं केलं. आठव्याला न्हवतो. श्रीपतरावाच्या आईला पाठंगळी घिऊन माळावर पोचवाया गेलतो. माघारी आलो तवर काहील न्हवती."

श्रीपतराव म्हणजे त्या गावचे पाटील. मी विचारलं, "आणि श्रीपतराव कुठं होते?"

"काहिलीत. चवथ्या फेऱ्याला. डोळं मिटून बसला हुता."

"त्या वेळी कुठं लिहून ठेवलंय का हे? अर्ज, पंचनामा, काही कागद?"

"काहिलीत बसताना कागद करत्यात व्हय, बाई?"

वैशाली फिस्सकन हसली. मी हसले नाही. वहीत लिहिलं: लेखी पुरावा नाही. मग विचारलं, "गावात आणखी कोण सांगेल?"

"समदी सांगत्याली. पर तुमच्या म्होरं न्हाय."

"का?"

"त्या दिशी कुणी जात इचारली न्हाय, बाई. पाणी उतरल्यावर इचारली."

निघताना त्यांनी वैशालीला जवळ बोलावलं. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, "पोरी, पुस्तक बांधून आलं की भिवाचं नाव कुठं हाय ते मला बोट धरून दाव." वैशाली म्हणाली, "दावतो की आबा." हे माझ्यासमोर झालं. त्या म्हाताऱ्याला काय हवं होतं ते मला पूर्ण ठाऊक होतं, कुणी म्हणू नये की माहीत नव्हतं.

परत आल्यावर मी माझं काम केलं. पुण्यात स्थायिक झालेल्या त्या गावच्या लोकांनी गावाची वेबसाइट काढली होती. चांगली, नीटनेटकी. त्यात त्या पुराची गोष्ट होती, काहिलीचा फोटो होता. लिहिलं होतं, श्रीपतराव पाटलांनी जिवाची पर्वा न करता काहील हाकून गाव वाचवलं. भिवाचं नाव कुठंच नाही. खाली आधार दिला होता: गावच्या हायस्कूलची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. ती स्मरणिका आमच्याच लायब्ररीत होती, मीच मागवून घेतलेली. काढून बघितली. त्यातही तेच. शिवाय ती गोष्ट वाचताना मला ओळखीची वाटली. आपण हे आधीही कुठंतरी वाचलंय, असं पक्कं वाटत होतं. ओळखीची वाटली म्हणून खरी वाटली. एक वेबसाइट, एक छापील स्मरणिका आणि माझी आठवण. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा, तोही भिवाचा सख्खा भाऊ.

वैशालीला मी समोर बसवलं. म्हटलं, "नाव बदलावं लागेल."

"मॅडम, त्या स्मरणिकेला कुणी सांगितलं?"

"अगं, छापलंय ते."

हे मी म्हटलं! शनिवारी घसा फोडून पाच प्रश्न शिकवणारी मी. इंटरनेटवर संशय घ्यायला शिकवता शिकवता छापलेल्या कागदापुढं मात्र मीच चपला काढून उभी होते.

ती म्हणाली, "आबाला तुम्ही पाचीच्या पाची प्रश्न इचारले. स्मरणिकेला किती इचारले?"

"वैशाली, आबांचा त्यात स्वार्थ आहे. भाऊ आहे तो त्यांचा."

"आणि पाटलाच्या घरच्यांचा न्हाय?"

मी चिडले. तिच्याकडं उत्तर होतं आणि माझ्याकडं नव्हतं, म्हणून चिडले हे आता कळतं. मीही शेतकरी मराठा घरातली. श्रीपतरावांसारखी माणसं माझ्या माहेरी सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बसलेली असायची, लोक त्यांच्यापुढं वाकायचे. तसला माणूस बांबू हातात घेऊन गाव वाचवतोय, हे चित्र मला पटायला क्षणही लागला नाही. भिवाला मात्र मी कागद मागितला.

शेवटी मी तोडगा काढला. मजकुरात श्रीपतराव राहतील. भिवाचं नाव तळटीपेत: 'एका कौटुंबिक निवेदनानुसार काहील हाकणाऱ्याचे नाव भिवा असे सांगितले जाते, याला लेखी आधार मिळालेला नाही.' मला तो तोडगा फार न्याय्य वाटला. वैशाली उभी राहिली, कागद गोळा केले. "बरं. मी जातो, मॅडम," एवढंच म्हणाली. आठ दिवसांनी तिनं तसं करून आणलं आणि मी शिक्का मारला. मग ती खिडकीजवळ बसायला आली नाही. घेतलेली पुस्तकंसुद्धा मैत्रिणीच्या हातून परत पाठवली. मी मनाशी म्हटलं, पोरगी हट्टी आहे, निवळेल.

निवृत्तीच्या आठवड्यात मी टेबलाचे खण रिकामे करत होते. खालच्या खणातून त्या चिठ्ठ्यांची पाकिटं निघाली. चला, जरा करमणूक, म्हणून खुर्चीत बसून एकेक वाचायला घेतली. किल्ला निघाला, म्हैस निघाली. आणि मग एक चिठ्ठी निघाली, पेन्सिलीनं लिहिलेली.

'माझं खोटं: पुरात काहील श्रीपतराव पाटलांनी हाकली. खरं: भिवा नावाच्या माणसानं हाकली, तो बुडाला. श्रीपतराव माझे आजोबा. ते आत बसले होते. ते हे घरात सांगायचे, बाहेर नाही.'

चिठ्ठीखाली लाल शाईत माझा शेरा होता: 'उत्तम! खोटं अजिबात ओळखू येत नाही.'

चिठ्ठीवर नाव नव्हतं, नुसता हजेरी क्रमांक होता. पाकिटावरच्या वर्षावरून जुना हजेरीपट काढला. अभिजित. पाटलांच्या घरचा हुशार, हसतमुख मुलगा. त्यानं पान टाकलं, वर्ष संपल्यावर काढलं नाही. हायस्कूलच्या मास्तरांनी स्मरणिकेसाठी ते उचललं असणार, आणि पुणेकरांनी स्मरणिकेवरून वेबसाइट केली. वैशालीपुढं मी दोन आधार म्हणून जे टाकलं, ते एकच होतं, आणि ते माझ्याच वर्गात जन्माला आलं होतं. गोष्ट ओळखीची का वाटली तेही कळलं. मीच ती तपासून शाबासकी दिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथं तर दिवा लावणाऱ्या बाईनंच काजळी धरली होती. वैशालीला मी जो कागद मागत होते तो त्या सगळ्या वेळात माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर खणात पडलेला होता.

अभिजितचा नंबर मिळवला. पुण्यात कंपनीत होता. "मॅडम, नमस्कार! किती वर्षांनी!" आवाजात खरा आनंद होता. मी चिठ्ठी वाचून दाखवली. तो हसला. "हां हां, मीच लिहिलेलं की. कसलं फसवलं होतं सगळ्यांना!"

"अभिजित, ते पान काढून टाकायचं होतं रे."

"राहिलं, मॅडम. विसरलो."

"आता तू मला खरं काय ते लिहून दे. सहीनिशी."

तो म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या की. गावात आजोबांच्या नावाची कमान झालीय. बाबा यंदा इलेक्शनला उभे राहतायत. आता हे कशाला उकरून काढायचं?"

"कारण ते खोटं आहे."

"इतक्या जागी आलंय, मॅडम. आता ते खोटं कसं राहील? आणि कुणी विचारलं तर मी सांगेन, असलं काही लिहिल्याचं मला आठवत नाही." पुढं आपुलकीनं म्हणाला, "तब्येतीची काळजी घ्या."

वेबसाइटवाल्यांना मी तीन ई-मेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही. नेटवर पुन्हा शोधलं तर त्याच गोष्टीची आणखी चार-पाच पानं सापडली. एकात तर श्रीपतरावांनी बारा फेरे केले होते.

वैशाली आता कसबा बावड्याला राहते, माध्यमिक शाळेत शिकवते. तिच्या घरी गेले. साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून येत होता. तिनं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी काहीही न लपवता सांगितलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं ती दोनदा वाचली. माझा लाल शेराही वाचला. मला वाटलं, ओरडेल, रडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पुस्तक बांधून आलं तेव्हा आबानं मागितलं," ती म्हणाली. "भिवाचं नाव दाव म्हणाला. मी दावलं की. त्याचं बोट धरून तळटीपेवर ठेवलं. त्याला अक्षर कळत न्हवतं, पण लहान-मोठं कळत होतं. म्हणाला, एवढं बारीक का गं?"

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी सांगितलं, आबा, पुस्तकात नाव बारीकच असतंय. मी कधी त्याच्याशी खोटं बोललो न्हवतो, मॅडम. तेवढं एकदाच बोललो. पुढच्या पावसाळ्यात गेला तो."

मी म्हटलं, आपण दुरुस्ती करू, मी विद्यापीठाला लिहिते, ही चिठ्ठी जोडू, मी स्वतः जाऊन सांगते. बोलतच सुटले. तिनं मला बोलू दिलं. मग चिठ्ठी उलटीपालटी करून बघितली, वर्गात मी शिकवली होती अगदी तशी.

"कुणी लिवलंय? नाव न्हाय. कधी लिवलंय? तारीख न्हाय. आणखी कोण सांगतंय? ज्यानं लिवलं तोच आठवत न्हाय म्हणतोय." तिनं चिठ्ठी घडी घालून माझ्या हातात ठेवली. "याच्यावर तुमचा शिक्का बसणार न्हाय, मॅडम."

ती टोमणा मारत नव्हती. मी शिकवलेलं तिला चोख येत होतं, इतकंच. इतक्या वर्षांत इतकं चोख आलेली ती एकटीच विद्यार्थिनी.

आता लोक मला विचारतात, पोरांना इंटरनेटवरचं खरं-खोटं ओळखायला कसं शिकवायचं? मी सांगते, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पाच प्रश्न चांगले आहेत, पण ते कुणाला विचारायचे आणि कुणाला सोडून द्यायचे, हे आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. त्याला माझ्याकडं सहावा प्रश्न नाही.

हे लिहिण्याआधी वैशालीला विचारलं. ती म्हणाली, "लिवा की. कोण वाचतंय?" तेव्हा संपादकांना माझी एवढीच विनंती आहे. गमतीजमती राहूनच गेल्या, त्याबद्दल क्षमा करा. माझं नाव नाही छापलं तरी चालेल. पण काहील भिवा धोंडी कांबळे यांनी हाकली, आणि हे नाव कृपा करून बारीक टायपात घालू नका.